विंडोजचा कौल

दोन्ही पाकळ्या देवाच्या अंगाला गच्च चिकटून बसल्या होत्या आणि पूनमचा जीव नुसता वरखाली होत होता.

"आबा, अजून किती वेळ?"

"देव हाय त्यो," आबा डोळे न उघडता म्हणाले. "तुझं नेट न्हाई, दाबलं की उघडाया."

अंगणातल्या लिंबाखाली बिरोबाचा शेंदूर फासलेला दगड. आबांनी शेवंतीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला लावल्या होत्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. बोअर पाडायची का, मेंढरं विकून टाकायची का, सगळं इथंच ठरलेलं. आज प्रश्न होता, घरच्या कॉम्प्युटरवर नवीन विंडोज मारायची का.

रविवारी पूनमच्या क्लासची सराव परीक्षा होती. फोनवर ती चालत नव्हती, आणि कॉम्प्युटरवर उघडायला गेलं की 'तुमची सिस्टीम जुनी आहे' एवढंच यायचं. मागची परीक्षा अशीच बुडाली होती. हीपण बुडाली की वरच्या बॅचमधून नाव गेलंच म्हणून समजा. म्हणून तर तिनं शाळेच्या लॅबमधून पेनड्राइव्हवर नवीन विंडोज भरून आणली होती. पेनड्राइव्ह मुठीत घामेजून गेला होता.

अडचण एकच. त्याच कॉम्प्युटरला आईचं भरतकामाचं मशीन जोडलेलं. ब्लाऊजवरचे मोर, कोयऱ्या, वेली, सगळं एका जुन्या प्रोग्रॅमवर चालायचं, आणि तो बसवून देणारा शिक्रापूरचा दुकानदार कधीच गाशा गुंडाळून गेला होता.

"आन् न्हाई चाललं आईचं मशीन, तर जुनं परत येतंय का?" पप्पांनी पुन्हा विचारलं.

"चालंल ओ पप्पा. लॅबमधल्या कॉम्प्युटरला मीच मारलीय. सर नुसते बघत होते."

"त्या कॉम्प्युटरला मशीन जोडल्यालं व्हतं का?"

पूनमनं पेनड्राइव्ह दुसऱ्या मुठीत घेतला. "तुम्ही ना, उगाच भ्या घालता."

"मी कशाला घालतोय? लग्नाचा ब्लाऊज टायमाला न्हाई भेटला तर बाया देवालाबी ऐकत न्हाईत."

घरातली मशीनची खडखड थांबली. पूनमची आई, सविता, दारात येऊन उभी राहिली. खांद्यावर निळ्या दोऱ्याचे तुकडे. मशीन तिचं, पण तिला अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

आबांचे डोळे मिटलेलेच होते. पप्पा रस्त्याकडं बघत होते. पूनम हळूच पुढं वाकली आणि उजव्या पाकळीवर बारीक फुंकर मारली.

डावी पडली.

"डावा," आबा म्हणाले. "न्हाई म्हणतोय. आन् फुकत जाऊ नगं, ते बी कळतंय त्याला."

पूनमला रडू नाही आलं, राग आला. दगडाचा, पाकळीचा, सगळ्या केंदूर गावाचा. ती तरातरा घरात निघाली, तर आईनं दारातच तिचं मनगट धरलं.

"मामा, परत लावा," सविता सासऱ्यांना म्हणाली.

"दिल्याला कौल फिरवत्यात व्हय गं?" पप्पा वैतागले.

"फिरवतंय कोण? प्रश्न दुसरा हाय. वन्संच्या वेळी तुम्हीच न्हाई का केलं, मामा? राहू गावचं स्थळ करू का, तर देव न्हाई म्हणला. मग पोरीच्या मनासारखं करू का, म्हणून इचारलंत."

आबा खोकले. मग पाण्याच्या तांब्याकडं हात नेला. "काय इचारू?"

"मशीन माझं हाय. ते पोरीच्या हवाली करू का, एवढंच इचारा. विंडोजचं त्याला काय कळतंय, आन् आपल्याला तरी."

नव्या पाकळ्या ओल्या होऊन दगडाला लागल्या. आता पूनमनं फुंकर मारली नाही. प्रोग्रॅम उडाला तर आता देवानं उडवला असं म्हणता येणार नव्हतं, पप्पांनी अडवलं असंही नाही. जबाबदारी एकट्या पूनमची. लॅबमध्ये असलं काही डोक्यातच आलं नव्हतं. पडू नये, तिला वाटलं. चिकटून राहावी संध्याकाळपर्यंत.

उजवी लगेच पडली. आबांना डोळे मिटायलाही वेळ मिळाला नाही.

"उजवा."

सगळे पूनमकडं बघायला लागले. ती आत गेली, मागून आई. मशीनच्या चौकटीत लाल ब्लाऊजची बाही ताणून बसवलेली होती. तिच्यावर मोराची मान झाली होती, अंग झालं होतं, पिसारा कोराच होता.

आई बाही सोडवायला वाकली. "घे. मार."

पूनमनं पेनड्राइव्ह लावला. स्क्रीनवर चौकोन आला आणि होय का नाही, म्हणून विचारत उभा राहिला. तिचं बोट माऊसवर होतं. ते तिथंच राहिलं.

"आई, ब्लाऊज कुणाचा?"

"सोजराबाईच्या सुनंचा. परवा हळद हाय."

पूनमनं पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

"मग आधी त्यो पुरा कर. मग मारते."

सवितानं बाही पुन्हा चौकटीत ताणली. मशीन पुन्हा खडखडायला लागलं. पूनम स्टूल ओढून शेजारी बसली आणि पिसाऱ्यातला एकेक डोळा भरून निघताना बघत राहिली. मध्येच निळा दोरा तुटला. आईच्या आधी तिचाच हात सुईकडं गेला.