तिसरा चौकोन

घरधनी: हयात / मृत / बेपत्ता. एकाच चौकोनात खूण करावी.

यातला तिसरा चौकोन अकेयोने भांडून मिळवला होता. न्यांदो नदीचा पूर ओसरल्यावर नैरोबीचं एक चर्च, परदेशातली एक संस्था आणि वणवे-पूरग्रस्तांचा निधी अशा तिघांचा पैसा एकत्र आणून कानोच्या मैदानात घरं बांधून द्यायचं काम तिच्याकडे आलं. ज्यांचे नवरे वाहून गेले आणि सापडले नाहीत, त्या बायका कुठल्याच चौकोनात बसेनात. तीन महिने पत्रं, फोन, विनवण्या. शेवटी चौकोन आला. त्या दिवशी ती ऑफिसात एकटीच हसली होती.

आज यादी बंद व्हायची होती. बारापर्यंत त्या बायकांपैकी डोर्सिलाची खूण झाली नाही, तर तिचं घर वर डोंगरात, वणव्यात पोळलेल्या कुणाला तरी जाणार. त्यांनाही घर हवंच होतं.

डोर्सिला रचून ठेवलेल्या पत्र्यांवर बसली होती. बाजूला सिमेंटच्या पिशव्या, खांब आणि सकाळपासून नुसताच बसून राहिलेला गवंडी. पाच महिने ती शाळेच्या मैदानातल्या तंबूत राहत होती. आज येताना तिने एक पिशवी आणली होती. ती मांडीवर धरून होती.

अकेयोने फॉर्म पुढे केला. बेपत्तावर खूण कर, मावशी, एवढंच काम आहे, म्हणाली.

डोर्सिलाने फॉर्म पाहिला, मग खांब पाहिले.

"पहिला खड्डा कोण खणणार?"

अकेयोही इथलीच. नवऱ्याने पहिला खांब रोवल्याशिवाय बाईचं घर उभं राहत नाही. नवरा गेला असेल तर दीर रोवतो, पण नवऱ्याला माती दिल्यावरच. हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पत्रं लिहिताना मात्र तिला नुसता चौकोन दिसत होता.

दीर ओयुगी जरा लांब उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, रादिंगदादा असता तर अर्धा खड्डा खणून चहा मागत बसला असता."

"दिला असता," डोर्सिला म्हणाली. "शिव्या घालत दिला असता."

गवंडी हसला. मग कुणीच हसलं नाही.

डोर्सिलाने तिसऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "चांगला आहे गं पोरी हा तुझा चौकोन. पण यात मला जन्मभर बसून राहावं लागेल."

खाडाखोड केल्यास अर्ज बाद होईल.

शेताच्या कडेला यागोचं झाड होतं. फांद्यांना दोरीने टांगल्यासारखी त्याची लांब, करडी फळं लोंबत होती. वाहून गेलेला माणूस सापडला नाही, की त्याच्या जागी यागोचं फळ पुरतात. कापडात गुंडाळून, रडून, सगळं रीतसर. पाच महिने सासरचे हेच सांगत होते. पाच महिने डोर्सिला नाही म्हणत होती. एकदा तर तिने लापशी ढवळायचा दांडा ओयुगीच्या अंगावर फेकला होता. त्यानंतर त्याने विषय काढला नव्हता. आताही तो झाडाकडे पाहत नव्हता.

"जा," ती त्याला म्हणाली. "काढ."

त्याने गवंड्याची शिडी उचलली.

तो येईपर्यंत तिने पिशवीतून रादिंगचा निळा सदरा काढला आणि जमिनीवर पसरला. धुतलेला होता, इस्त्रीही केलेली होती. तंबूत इस्त्री कुठून आली, हे अकेयोने विचारलं नाही. म्हणजे ही ठरवूनच आली होती. साडेअकरा झाले होते. अकेयोने पेनाचं टोपण काढलं आणि दुसऱ्या, मृतच्या चौकोनावर हात नेऊन थांबली.

ओयुगीने तीन फळं आणली. ओळीने ठेवली आणि मागे सरला.

डोर्सिलाने पहिलं फळ सदऱ्यात ठेवलं. खालपासून एकेक बटण लावलं. बाह्या सरळ केल्या. जरा वेळ पाहत राहिली. मग बटणं सोडून फळ बाहेर काढलं. दुसरं ठेवलं. तेही काढलं. तिसरं तिने नुसतं हातात उचलून पाहिलं.

"आखूड आहेत," ती म्हणाली. "माझा माणूस उंच होता."

ओयुगीने शिडी पुन्हा खांद्यावर घेतली.