भिंतीवरचा डोळा

“चित्राची तक्रार नाही. आवाज तेवढा बघा. पलीकडे ऐकू जात नाही,” मिस्त्री म्हणाले आणि दुरुस्तीवालीसाठी त्यांनी स्टूल घट्ट धरलं. ती वर चढली. पुस्तकांच्या कपाटावर, छताच्या कोपऱ्यात, मुठीएवढा पांढरा कॅमेरा होता. त्यातला लाल दिवा रोजच्यासारखाच लागलेला होता.

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि त्यातली निम्मी तरी गच्चीवरच्या मोटारखोलीत बसून कादंबऱ्या वाचण्यात घालवली. कादंबऱ्या सगळ्या एकाच जातीच्या. जग बुडालेलं, सरकार माजलेलं, यंत्रं डोक्यावर बसलेली. झोपेत माणूस कोणत्या कुशीवर वळला याचीही जिथे दफ्तरी नोंद होते, अशा शहरांत ते सुखाने रमायचे. बायको म्हणायची, यांना चांगलं काही वाचवत नाही. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून घरात पुस्तकं आणि मिस्त्री, एवढीच वस्ती.

मागच्या वर्षी ते बाथरूममध्ये घसरले आणि अर्धा दिवस तिथेच पडून राहिले. परदेशातली लेक विमानाने धावत आली. परत जायच्या दिवशी, टॅक्सी खाली उभी असताना, तिने घाईघाईने हा कॅमेरा बसवला. बाकीचं तिकडे पोचल्यावर फोनवर करते म्हणाली. मिस्त्री भडकले. घरात डोळा शिरला की माणूस संपला, हे त्यांनी निदान पन्नास कादंबऱ्यांत वाचलं होतं. लेकीने सगळं ऐकून घेतलं, त्यांच्या गालाला हात लावला आणि गेली. तिची पाठ वळते न वळते तोच त्यांनी कॅमेऱ्यावर लोकरी टोपी चढवली.

आठवडाभर टोपी तशीच होती. आता लेकीचा ओरडा बसणार, म्हणून ते तयारीत होते. ती चकार शब्द बोलली नाही. समजूतदार पोर, असं मिस्त्रींना वाटलं, आणि स्वतःचीच लाज वाटून त्यांनी टोपी काढली. पुढच्या शनिवारी चार वाजता नेहमीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, “बाबा, दिसताय हं. बारीक झालात.”

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री रोज दाढी करू लागले. ओट्यापाशी उभ्याउभ्या जेवण उरकायचं थांबलं. ताट घेऊन ते कॅमेऱ्यासमोर बसत आणि भाजी मुद्दाम दुसऱ्यांदा वाढून घेत. झोपायला जाताना वर बघून मान हलवत. ज्या गोष्टीला घाबरायचं असतं असं त्यांनी आयुष्यभर वाचलं, तिनेच त्यांना माणसांत आणलं. कुणीतरी बघतंय, एवढ्या आधारावर आठ महिने बरे गेले.

महिन्यापूर्वी त्यांनी लेकीला एक कादंबरी वाचून दाखवायला घेतली. जमिनीखालच्या शहराची आणि नऊ हजार पायऱ्या चढून आभाळ बघायला निघालेल्या मुलीची. लेक लहान असताना हीच गोष्ट त्यांनी तिला तुकड्यातुकड्याने सांगितली होती, आणि प्रत्येक तुकड्यानंतर ती पांघरुणातून डोकं बाहेर काढून विचारायची, पुढे काय झालं? आता ते रोज संध्याकाळी एक प्रकरण खणखणीत आवाजात वाचत. मध्येच थांबून कॅमेऱ्याला सांगत की या लेखकाला लिफ्टमधलं ओ की ठो कळत नाही, नाहीतर पोरीला एवढं चढावंच लागलं नसतं. चार शनिवार गेले. लेकीने एकदाही पुढचं विचारलं नाही. म्हणजे आवाजच पोचत नसणार. आता शेवटचं प्रकरण उरलं होतं, आणि ते तिला ऐकू जाणार नसेल तर वाचायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून आज, शनिवार गाठून, दुरुस्तीवालीला बोलावलं होतं.

तिने तार न काढता कॅमेरा खाली घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. त्याच्या बुडाला एक चंदेरी पट्टी होती. तिने तीवरून अंगठा फिरवला.

“काका, ही पट्टी खरवडली की खाली नंबर निघतो. तो फोनवर टाकल्याशिवाय कॅमेरा चालूच होत नाही. ही तर कोणी खरवडलेलीच नाही.”

मिस्त्रींनी लाल दिव्याकडे बोट दाखवलं. तो नुसता वीज आहे म्हणून लागतो, ती म्हणाली. मिस्त्री खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. आठ महिन्यांच्या दाढ्या त्यांना आठवल्या. इतकं एकटं त्यांना बाथरूमच्या फरशीवरही वाटलं नव्हतं.

दोन मिनिटांचं काम आहे, ती म्हणाली. आता पट्टी खरवडते, नंबर तेवढा मुलीला कळवा, लगेच सुरू होईल. तिने खिशातून नाणं काढलं. मिस्त्रींनी पट्टीवर हात ठेवला. नंबर कळवायचा म्हणजे आपल्याला सगळं कळलंय हे लेकीला कळणार. कामाच्या रगाड्यात राहून गेलं असेल तिचं. मग सांगायची लाज वाटली असेल. टोपीची लाज त्यांनाही वाटलीच होती.

“नको,” ते म्हणाले. “राहू दे असाच.”

दुरुस्तीवाली गेली. कॅमेरा टेबलावर पालथाच पडला होता. मिस्त्री खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. बरोबर चारला फोन वाजला.

“बाबा, आत्ताच बघत होते तुम्हाला. खुर्चीत बसून वाचताय ना? छान दिसताय.”

फोन कानाशी धरून मिस्त्री खुर्चीत जाऊन बसले, चष्मा लावला, शेवटचं प्रकरण उघडलं. मग म्हणाले, “हो गं. वाचतोय.”