कठड्यावरच्या सात पाट्या

बुधवार, ३१ जुलै. दुपारचे चार वाजून सव्वीस मिनिटे. बेसबॉलच्या सामन्यात कर्टिस लोमॅक्सने चार डावांत त्रेपन्न चेंडू फेकून सात फलंदाजांना तीन-तीनदा हुकवून बाद केले होते. पाचव्या डावाला तो मैदानात आलाच नाही. त्याच्या जागी चेंडू फेकायला भलताच पिचर उतरला.

उजव्या सीमेमागच्या स्वस्त बाकांवरची बडबड एकाएकी थांबली. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत सहाला संपत होती. लोमॅक्सला पश्चिम किनाऱ्यावरच्या संघाला देऊन बदल्यात तीन नवखे घेणार, ही अफवा सकाळपासून रेडिओवर फिरत होती.

स्टॅन व्रोबेलने दुर्बीण डोळ्यांना लावली. कारखान्यात साचे बनवण्यात त्याचे आयुष्य गेले होते. निवृत्तीनंतर त्याने पत्र्याच्या दोन-दोन फुटी पाट्या कापल्या आणि त्यांवर लाल रंगात ‘के’ अक्षर, म्हणजे तीनदा हुकून बाद झालेल्याची बेसबॉलमधली खूण, रंगवले. लोमॅक्सने एक फलंदाज असा बाद केला, की स्टॅन कठड्यावर एक पाटी टांगी. अकरा वर्षांत एकही सामना चुकला नव्हता. लोमॅक्सही आपले काम संपले की डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या, पायरीवर येई, पाट्यांकडे पाहून टोपीला हात लावी आणि मगच आत जाई. या दोघांचे बोलणे एवढेच. तेवढ्यासाठी स्टॅन हिवाळा काढत असे.

दुर्बिणीत डगआउट दिसला. एकेक खेळाडू उठून लोमॅक्सला मिठी मारत होता. म्हाताऱ्या प्रशिक्षकाने तर त्याचे डोके छातीशी धरले.

मिठीचा अर्थ इथल्या लहान पोरालाही ठाऊक होता. मुदतीच्या दिवशी मधूनच बाहेर काढलेला खेळाडू आणि त्याला पडणाऱ्या मिठ्या, म्हणजे तो गेला. मागच्या रांगेतून कुणी म्हणाले, त्याने घर कधीच विकायला काढले आहे. दुसऱ्याने बोलता बोलता पोरांच्या शाळेचे दाखलेही काढून दिले. एकाने अंगातला त्याच्या क्रमांकाचा शर्ट उतरवून बाकाखाली कोंबला आणि विचारले, आता याने गाडी पुसू की कुत्रा?

स्टॅनने दुर्बीण खाली ठेवली. आपला राहिला नाही त्याची पाटी कठड्यावर एक मिनिटही राहायची नाही, हा त्याचा नियम होता. यापूर्वी दुसऱ्या दोघा पिचरांच्या वेळी त्याने तो पाळला होता. तो उठला आणि पहिल्या पाटीची तार सोडवू लागला.

शेजारची लोरेन हॅगर्टी त्याच्याइतकीच वर्षे त्या बाकावर बसत होती. तिने त्याचे मनगट धरले.

“थांब रे स्टॅन. दहा वर्षांवर झालीत त्याला, नियमच आहे. त्याच्या सहीशिवाय मालकाचा बापही त्याला हलवू शकत नाही.”

“मग केली असणार सही. मिठ्या काय वाढदिवसाच्या होत्या?”

चार वाजून एकतीस मिनिटांनी सातवी पाटी उतरली. त्याच सुमारास लोमॅक्स पायरीवर आला. त्याने उजव्या सीमेकडे पाहिले. हात टोपीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. मग तो आत गेला. सरोवरावरून वारा सुटला होता. कठड्यावर मोकळ्या तारा तेवढ्या हलत होत्या.

“बघितलंस? टोपीला हातही लावला नाही,” स्टॅन म्हणाला.



सामना संपल्यावर दोघे वाहनतळावर तिच्या गाडीत बसून रेडिओ ऐकत राहिले. सहा वाजून दहा मिनिटांनी बातमी आली. सौदा सकाळीच ठरला होता, फक्त लोमॅक्सचा होकार हवा होता. उत्तरासाठीच त्याला बाहेर काढले होते. डगआउटमध्ये त्याने सोबत्यांना सांगितले, की मी नकार देणार आहे. त्या आनंदात पोरांनी त्याला मिठ्या मारल्या. पण पाच वाजून बावन्न मिनिटांनी त्याने होकाराची सही केली. वार्ताहराने कारण विचारले, तेव्हा त्याचा आवाज अगदी शांत होता.

“मला जायचं नव्हतं. वर बघितलं, तर म्हाताऱ्याने कठडा रिकामा केलेला. म्हटलं, यांनी निरोप देऊन टाकलाय.”

लोरेनने रेडिओ बंद केला. स्टॅनने सामन्याची वही मांडीवर घेतली आणि नेहमीच्या टोकदार अक्षरात शेवटची ओळ पुरी केली. लोमॅक्स : डाव चार, चेंडू त्रेपन्न, बाद सात, पाट्या शून्य.