समुद्राने लावायचा तंबोरा

मिरजेच्या सभागृहात दस्तगीर रोज शाहीनचा तंबोरा पुसायचा. शाहीन त्याची बायको. गेल्या वर्षी वारली. तिने या तंबोऱ्याच्या चार तारा चार समुद्रांतल्या, पाण्याची उष्णता मोजणाऱ्या यंत्रांशी जोडल्या होत्या. समुद्र तापला की तार ढिली पडायची, निवला की सुरात यायची. बसवल्यापासून चारही बेसूर होत्या.

"चाचा, लोक हसतात," व्यवस्थापक विनया म्हणाली. "उद्या मैफल आहे. खुंट्या पिळून लावा, नाहीतर हा गोदामात जाणार."

बेसूर वाद्य बाहेर जाऊ द्यायचं नाही, ही तंबोरे बनवणाऱ्या दस्तगीरच्या घरची रीत. पूर्वी एकदा त्याने खुंटीला हात घातला होता, तेव्हा शाहीन म्हणाली होती, "हा समुद्रानंच लावायचा. तुम्ही मध्ये पडू नका."

पण गोदामात गेला तर तिचं शेवटचं कामही जाणार होतं. त्याने खुंटी धरली आणि सवयीने आधी तार छेडली. ती खर्जाची, कोकणच्या समुद्राची तार होती.

तो थांबला. पुन्हा छेडली. तार सुरात होती.

"तुम्ही पिळलीत?" विनयाने विचारलं.

"अजून नाही."

"मग पाणी निवलं?"

"तार तरी तसंच सांगते."

"आणि बाकीच्या तीन?"

"बेसूरच आहेत. राहू देत." त्याने खुंटी सोडली.

विनयाने गायिकेला फोन लावला. "बाई, उद्या तंबोऱ्याची एकच तार लागलेली असेल. खर्जाची. चालेल?"

पलीकडचं उत्तर दस्तगीरला ऐकू आलं नाही. विनयाने फोन ठेवला, तंबोरा अलगद उचलला आणि मंचाकडे चालू लागली.