नावांखालची जागा

कर्नलसाहेबांनी दोरी ओढली, कापड सरकलं आणि काळा दगड उघडा पडला. युद्धात कामी आलेल्या आमच्या रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांची नावं त्यावर सोनेरी अक्षरांत कोरली होती. शेवटच्या नावाखाली हातभर दगड कोराच होता.

"सर, खाली एवढी जागा का सोडलीय?" लेकीला कडेवर सावरत मी विचारलं.

"पुढची सोय, मॅडम," साहेब सहज म्हणाले. "दर वेळी नवा दगड कुठे बसवणार?"

माझं डोकंच सणकलं. "म्हणजे नावंही ठरली आहेत का?"

नवऱ्यानं माझं कोपर दाबलं. पुढच्या आठवड्यात त्याची कंपनी सीमेवर निघणार होती. "हळू बोल. सगळे ऐकतायत."

"ऐकू देत की."

तेवढ्यात शेवटचं नाव ज्याचं, त्याची आई पुढे आली. तिनं पदरानं मुलाचं नाव पुसलं आणि खालच्या कोऱ्या भागावर हात ठेवला. "सायेब, हितं वेलबुट्टी काढा, न्हाईतर सिमिट लिंपा. माझ्या लेकाच्या खाली कुनाचं नाव नगं."

"बघू, आजी," म्हणून साहेब पाहुण्यांना चहाकडे घेऊन गेले.

मी नवऱ्याकडे वळले. वाटलं, आता तरी याच्या चेहऱ्यावर थोडी भीती दिसेल. तो त्या कोऱ्या दगडाकडे बघत होता, नव्या घराच्या दारावर आपली पाटी कुठे लावायची हे ठरवत असल्यासारखा.

मी लेक जवळजवळ त्याच्या अंगावर टाकलीच.

"बघायचं तर हिच्याकडे बघ."