कमानीचा स्क्रू

"पुन्हा सैल झालाय," दलीचंद शेठ म्हणाले आणि फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल त्यांनी बहिरू लोहारापुढे ठेवलं.

बहिरूने कपाळावर हात मारून घ्यायचाच बाकी ठेवला. होळीपासूनची ही तिसरी खेप. आणि स्क्रू तरी केवढा? मुठीच्या पुढच्या अंगाला बसलेला, तुरीच्या दाण्याएवढा. पण त्याच्याच जोरावर आतली कमान ताठ राहायची. तो सैल पडला की घोडा आपटे, पण जोर नसे, आणि गोळी जागच्या जागी राही.

"सैल झाल्याचं कळलं कसं?" बहिरूने विचारलं.

"चाप ओढून बघितला. नुसता टक् झाला."

"कशावर वढला?"

"हवेत." शेठ भिंतीला टेकून बसले. रात्ररात्र डोळा न लागलेल्या माणसासारखे दिसत होते.

हवेतच ओढणार म्हणा. मुंगी वाचवून पाऊल टाकणारा माणूस तो! आहुप्याकडचा हिरडा विकत घ्यायला टट्टावरून डोंगरात जावं लागे, म्हणून त्यांनी पिस्तूल बाळगलं होतं. मागल्या साली प्लेगने एकुलता एक बन्सीलाल नेला, आणि तेव्हापासून शेठचं पाऊल जुन्नरच्या वेशीबाहेर पडलं नव्हतं.

"या वेळी पक्का बसव," शेठ म्हणाले. "नाहीतर पुण्याला पाठवतो. मला पायी यात्रेला निघायचंय. वाट चोरांची आहे."

ते गेले, आणि बहिरू पिस्तूल मांडीवर घेऊन बसला. शेठच्या शब्दावर कचेरीतल्या बंदुका त्याच्याकडे दुरुस्तीला येत होत्या. पिस्तूल पुण्याला गेलं की बंदुकाही जाणार. मग राहिला तो नांगराचा फाळ आणि मोठा घण. खांदा तर कधीचा कामातून गेला होता. बहिरूला खरोखर कंटाळा आला होता. कामाचा नव्हे, तेच ते काम फसण्याचा.

पहिल्या खेपेला त्याने शेठच्या ओसरीवरच स्क्रू आवळून दिला होता. हा स्क्रू कशासाठी, तो ढिला पडला तर काय होतं, हे सगळं ऐटीत समजावून सांगितलं होतं. शेठ मान डोलवत होते, शेठाणी धापूबाई शेजारी गहू निवडत होत्या. दुसऱ्या खेपेला त्याने आट्यांना मेणाचा दोरा गुंडाळला, वर लाख वितळवून ओतली. ती लाखही आता फुटली होती.

"टट्टाच्या धक्क्यानं हुतंय," तो बायकोला म्हणाला.

कुशाबाई भाता ओढत होती. "टट्टू आठ म्हयनं दावणीला हाय. धक्कं काय सपनात बसत्यात? कुणीतरी उकरतंय ते. बघा की, खाच कशी चेंबटलीय."

"मग शेठच उकरत असतील. घरात बसून हाताला चाळा लागतो माणसाच्या."

"मग त्यांचा हातच पोचू न्हाई असं करा."

बहिरूला ते पटलं. त्याने स्क्रू गच्च आवळला, कडेचं लोखंड बारीक छिन्नीने ठोकून त्याच्या माथ्यावर आणलं, खाच ठोकून बुजवली आणि वरून कानस फिरवली. बोट फिरवलं तर स्क्रू कुठे आहे तेही कळेना. किती दिवसांनी त्याला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पिस्तूल पोचवायला गेला. शेठ ओसरीवर एकटेच होते. त्यांनी पिस्तूल हातात घेऊन घोडा मागे ओढून पाहिला.

"आता नाही ना फसणार?"

"न्हाई. कमान आता जल्मभर हालायची न्हाई."

शेठच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी जरा सुटका दिसली. त्यांनी बहिरूपुढे हात जोडले. "माझ्याकडून कधी काही बोलणं झालं असेल, मन दुखावलं असेल, तर माफ कर."

बहिरू ओशाळला. "ही माफी तुमच्या जैनांच्या पजुसणाच्या सणात मागत्यात ना, शेठ?"

"लांबच्या वाटेला निघतानाही मागावी. आणि हे बघ, टट्टू तू घेऊन जा. मला आता लागायचं नाही."

"आवं, टट्टू?"

"घेऊन जा म्हटलं ना. मी सामायिकाला, ध्यानाला बसतो. कुणी हाक मारू नका." पिस्तूल फडक्यात गुंडाळून शेठ आतल्या खोलीत गेले. दार लागलं, कडी सरकली.

बहिरूला भरून आलं. देवाघरचा माणूस, असं मनाशी म्हणत तो अंगणात टट्टाची दोरी सोडू लागला. तेवढ्यात मागच्या दाराने धापूबाई आल्या. डोक्यावर पदर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. जुडग्यातलं चांदीचं कानकोरणं त्यांनी काढून पुढे केलं.

"बहिरूभाऊ, बरे भेटलात. हे पुन्हा वाकलं बघा. जरा सरळ करून द्या."

होळीपासून त्याने ते दोनदा सरळ करून दिलं होतं. तो हसला. "बाई, कान कोरताय का भिंत? द्या इकडं. आन् शेठची काळजी सोडा आता. इस्क्रू ठोकून बसवलाय, खाचसुदिक बुजवून टाकली. कुणाच्या बापाला निघायचा न्हाई. खुशाल जाऊ द्या त्यांना यात्रेला."

"यात्रा? कसली यात्रा?" धापूबाई म्हणाल्या, आणि कानकोरणं हातातून टाकून त्या बंद दाराकडे धावल्या.