गोगलगायीची वाट

काचेच्या बरणीत काय पाळायचं, ते भाऊसाहेबांनी पलंगावरूनच ठरवलं. उजवं अंग लुळं पडल्यापासून आठ महिने ते उठले नव्हते.

"मासे नकोत, उत्तरा," ते सुनेला म्हणाले. "दर बदलीला शेजाऱ्यांना देऊन टाकावे लागतात. पाण्यातली गोगलगाय आण. शेवाळ खाईल, आपलं आपण निभावून नेईल."

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, खिडकीत, झाकण लावलेली बरणी बसली. महिन्याभरात काच आतून हिरवी झाली. गोगलगाय जिथून शेवाळ खात जाई, तेवढ्याच पट्टीत पाठीमागच्या खोलीचं प्रतिबिंब दिसे.

सोमवारी त्या पट्टीत पलंग दिसला. रिकामा. उत्तरा दचकून वळली, तर भाऊसाहेब पलंगावर शांत झोपलेले. घरात ती कुणालाच बोलली नाही.

मंगळवारी पट्टी रुंदावली. पलंगाखालच्या चपलाही काचेत नव्हत्या.

"आज काय दिसलं गं?" भाऊसाहेबांनी हसत विचारलं.

बुधवारी काचेत ते उभे होते, अगदी तिच्या मागे.

उत्तरा वळली नाही. फरशीवर चपला घासल्या. तिच्या खांद्यावर हात टेकला, उजवा, उबदार.

"सरक जरा. मलाही बघू दे."